दीडशे पास्कल

गाठ डोक्यात आणि मोजमाप नाकाचं, हे आमच्याकडे कुणाच्याच गळी उतरेना. "मेंदूचं ऑपरेशन आहे ना, मग नाकात नळ्या कशाला घालतायत?" असं मेहुण्यांनी फोनवर विचारलं. मी सांगायला सुरुवात केली, तोवर ते खर्चाकडे आणि मेडिक्लेमकडे वळलेही होते. पुण्यात आजाराची चौकशी त्याच वाटेनं जाते, त्याबद्दल तक्रार नाही. पण नाकाचं सांगायचं राहून गेलं, आणि मला सांगण्यासारखं वाटतं ते तेच. (नाकावरच्या म्हणी मात्र इथे येणार नाहीत. त्या सगळ्यांना पाठ आहेत.)

पीयूषिका ग्रंथी, म्हणजे पिट्यूटरी, वाटाण्याएवढी असते. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी, स्फिनॉइड नावाच्या हाडातल्या खळग्यात ती बसलेली असते आणि तिथून थायरॉइडपासून मूत्रपिंडांपर्यंत सगळ्यांना हुकूम सोडते. माझ्या ग्रंथीतली गाठ कुठलंच हार्मोन जास्तीचं बनवत नव्हती, नुसती वाढत होती. ग्रंथीच्या बरोबर वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. गाठ खालून त्यांना रेटायला लागली की नजरेच्या बाहेरच्या दोन्ही कडा जातात, मधलं शाबूत राहतं. पेपर वाचता येतो, टीव्ही दिसतो. कर्वे रस्त्यावर मात्र डावी-उजवीकडच्या गाड्या एकदम नाकासमोर उगवायला लागतात. पुण्यात त्या एरवीही तशाच उगवतात, त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं काही कारण आहे असं बरेच दिवस वाटलंच नाही. मग नजरेच्या कडा तपासणारी फील्ड टेस्ट झाली, एमआरआय झाला, आणि गाठीची बोळवण करायची तारीख ठरली.

या ग्रंथीकडे जायचा जवळचा रस्ता नाकातूनच आहे. नाकाच्या अगदी मागे स्फिनॉइडची पोकळी, आणि त्या पोकळीच्या भिंतीपलीकडे ग्रंथी. १९०७ साली इन्सब्रुकला हेर्मान श्लोफर यांनी या वाटेनं पहिलं ऑपरेशन केलं, तेव्हा त्यांना नाक बाहेरून उघडून बाजूला करावं लागलं होतं. पुढे अमेरिकेत हार्वी कुशिंग वरच्या ओठाखालून जात, पण उत्तरायुष्यात त्यांनीच ही वाट सोडली आणि ते कवटी उघडण्याकडे परतले. कुशिंगनी सोडली म्हटल्यावर बाकीच्यांनीही सोडली. तरी दोन-चार हट्टी सर्जननी ती जिवंत ठेवली. साठच्या दशकात माँट्रियलला ज्यूल्स हार्डी यांनी तिला सूक्ष्मदर्शक जोडला, नव्वदच्या दशकात दुर्बीण आली, आणि आता पुण्यातल्या एखाद्या हॉस्पिटलात माझ्यासारख्या निवृत्त माणसाची गाठ दोन नाकपुड्यांतून निघते. कपाळावर एक टाकासुद्धा पडत नाही.

हे ऑपरेशन दोघं मिळून करतात, न्यूरोसर्जन आणि ईएनटी सर्जन. न्यूरोसर्जनच्या लेखी नाक म्हणजे बोळ. आमच्या ईएनटीच्या बाईंचं म्हणणं वेगळं होतं. "गाठ काढून सर जातील त्यांच्या ओपीडीला," त्या म्हणाल्या, "श्वास तुम्हाला याच नाकातून घ्यायचाय." त्यांचा एक अभ्यास चालू होता, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर नाकातून जाणारी हवा मोजण्याचा. संमतीपत्र पुढे आलं. मी ते न वाचताच सही केली असती, कारण मोजण्याचं नाव निघालं की मला राहवत नाही.

माझी सगळी नोकरी हवामान खात्यात गेली, उपकरणांच्या विभागात. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला जुने पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ साली ते बिऱ्हाड सिमल्याहून इथे आलं. दाबमापी लावायचे, तपासायचे, त्यांचं वाचन प्रमाण उपकरणाशी ताडून पाहायचं, हे माझं काम. वारा वाहतो तो दोन ठिकाणच्या दाबातल्या फरकामुळे, हे वाक्य मी इतक्या प्रशिक्षणार्थींना सांगितलंय की घरात ते चेष्टेत माझ्याच तोंडावर फेकलं जातं. तेच वाक्य ऱ्हायनोमॅनोमेट्रीच्या, म्हणजे नाकातली हवा आणि दाब मोजायच्या खोलीत, नाकाला चिकटपट्टी लावलेल्या अवस्थेत, एका तरुण टेक्निशियनकडून ऐकायची वेळ आली.

आधी अर्धा तास नुसतं बसवून ठेवलं. बाहेरच्या उन्हातून, रिक्षाच्या धुरातून आलेलं नाक खोलीच्या हवेला रुळावं म्हणून. मग डाव्या नाकपुडीवर चिकटपट्टी, तिच्यातून एक बारीक नळी आत. चेहऱ्यावर पारदर्शक मास्क. "काका, तोंड बंद, आणि नेहमीसारखा श्वास घ्या." नेहमीसारखा श्वास घ्या म्हटलं की माणसाला तो कसा घेतो हेच आठवत नाही. यातली युक्ती अशी की बंद केलेल्या नाकपुडीतून हवा वाहतच नाही, म्हणून ती सबंध बाजूच दाब मोजायची नळी होते. नाकाच्या मागच्या टोकाला जो दाब आहे तोच पुढे कळतो. वाहती हवा मोजायची ती उजव्या बाजूची, मास्कमधून. मग अदलाबदल. ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. एक नाकपुडी उपकरण आणि दुसरी प्रयोग, वेगळं काही शरीरात खुपसायची गरजच नाही.

पडद्यावर इंग्रजी एससारखी आडवी वेलांटी उमटते. एका अंगाला श्वास, दुसऱ्या अंगाला उच्छ्वास. दाब वाढवत नेला तरी वाहणारी हवा त्याच पटीत वाढत नाही, रेघ वाकते, कारण नाकातल्या अरुंद वळणांत हवा घुसळायला लागते. म्हणून सगळ्यांनी एकच बिंदू ठरवून घेतलाय, दीडशे पास्कल. त्या दाबाला किती हवा गेली त्यावरून नाकाचा विरोध, म्हणजे हवेला होणारा अडथळा, काढायचा. दीडशे पास्कल म्हणजे दीड हेक्टोपास्कल. पुण्याचा हवेचा दाब साडेनऊशे हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. चार मजली इमारतीच्या गच्चीवर गेलात तर दाबात एवढाच फरक पडतो. मी हे टेक्निशियनला सांगितलं. ती म्हणाली, "काका, बोलू नका, रीडिंग हलतं."

माझ्या दोन्ही नाकपुड्यांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. डाव्या बाजूचा विरोध उजवीच्या जवळजवळ तिप्पट. मला वाटलं दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा, आपल्याकडे ज्याला 'हाड वाढलंय' म्हणतात. तर तसं नव्हतं. नाकाला भरती-ओहोटी असते. एका बाजूचे टर्बिनेट, म्हणजे आतले मांसल पडदे, रक्तानं फुगतात तेव्हा दुसऱ्या बाजूचे ओसरतात, आणि काही तासांनी पाळी बदलते. बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही, कारण बेरीज साधारण तीच राहते. रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरांनी १८९५ मध्ये याची नोंद केली. आमच्या सोसायटीतले योगवर्गवाले म्हणतील, आम्हाला हे केव्हाचं ठाऊक आहे, चंद्रस्वर आणि सूर्यस्वर. बरोबर आहे त्यांचं. हठयोग्यांनी नाकाखाली हात धरून धरून हे ओळखलं होतं, कबूल. कुठला स्वर चालू असताना प्रवासाला निघावं, हे जे पुढे त्याला चिकटलं ते माझ्याकडून सुटलं तर सुटलं.

मला मात्र दाबमापी आठवला. पुण्याचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारला खाली, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे पुन्हा खाली. फरक तीनेक हेक्टोपास्कलचा. वादळ नको, पाऊस नको, उष्ण कटिबंधातल्या हवेची ती रोजची लय आहे. नवा माणूस दुपारी उतरलेला पारा बघून घाबरतो. दोन दिवसांची तुलना करायची तर एकाच वेळेची वाचनं घ्यायची, नाहीतर लय वजा करायची, हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवत. नाकवाले लोकही दुसरं काही करत नाहीत. दोन्ही बाजूंचा मिळून एकूण विरोध काढतात, आणि वर नाकात सूज उतरवणारे थेंब टाकून, दहा-पंधरा मिनिटं थांबून, सगळं पुन्हा मोजतात. थेंबांनी मांसल पडदे आक्रसले की भरती-ओहोटी बाजूला होते आणि हाडामासाचा मूळ सांगाडा काय आहे ते कळतं. माझा आकडा ०.२८ आला, पास्कल प्रति घन सेंटिमीटर प्रति सेकंद. चारचौघांसारखं नाक.

आणखीही दोन उपकरणं झाली. एकात नळीतून टकटक आवाज नाकात सोडतात आणि परतलेल्या आवाजावरून कुठल्या खोलीवर नाक किती रुंद आहे याचा आलेख काढतात. दिसायला फार देखणं. पण पुढच्या चार-पाच सेंटिमीटरपलीकडे त्याचा भरवसा कमी होत जातो, आणि आमचे सर्जन काम करणार होते ते तर पार मागे. दुसरं अगदी साधं, मास्कला जोडलेली एक नळी. जोरात हुंगायचं की आतला काटा सरकतो, लिटर प्रति मिनिट. तीनदा करायचं, सर्वांत मोठा आकडा धरायचा. आणि सगळ्यांत शेवटी बाईंनी जीभ दाबायची थंड स्टीलची पट्टी नाकाखाली धरली. तिच्यावर धुकट डाग उमटले, एक मोठा, एक लहान. लाखो रुपयांच्या यंत्रानं जे सांगितलं तेच.

ऑपरेशनबद्दल मला काय ठाऊक असणार, मी झोपेत होतो. नंतर कळलं ते असं. मधले टर्बिनेट बाजूला सारले, पडद्याचा मागचा थोडा भाग काढला, स्फिनॉइडची पुढची भिंत उघडली, गाठ खरवडून काढली. तेवढ्यात मेंदूभोवतीचं पाणी झिरपताना दिसलं. तिथे बूच लागतं. ते नाकाच्या पडद्यावरच्या अस्तराचंच करतात. अस्तराचा पट्टा सोडवायचा, पण मागच्या बाजूला, जिथून त्याची रक्तवाहिनी येते, तिथे देठ तसाच ठेवायचा, आणि पट्टा फिरवून भोकावर बसवायचा. देठ शाबूत म्हणून रक्त चालू, रक्त चालू म्हणून तो जगतो. अर्जेंटिनातल्या सर्जननी २००६ मध्ये ही पद्धत मांडली आणि जगभर पसरली.

हे वाचत असताना मला कावसजी भेटला. इंग्रजांच्या फौजेतला हा मराठा बैलगाडीवान १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला, आणि मग पुण्याजवळच्या एका कारागिरानं त्याला नवं नाक बसवून दिलं. लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनमध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये या हकिकतीचं पत्र छापून आलं. कारागीर विटा पाडणाऱ्या जातीचा, एवढंच त्यात आहे, नाव नाही. त्यानं मेणाच्या पातळ पत्र्यानं माप घेतलं, ते कपाळावर ठेवून कातडी सोडवली, पण दोन भुवयांच्या मधला देठ कापला नाही. कातडी वळवून खाली आणली, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, नाक रुजल्यावर, देठ सोडवला. युक्ती तीच, माझ्या नाकात झाली ती. पण मला त्या पत्रातला दुसराच तपशील आवडतो. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे, भोकं पुरेशी उघडी राहावीत म्हणून. नाक दिसायला हवं तसं त्यातून हवाही जायला हवी, ही काळजी त्या माणसाला होती. ईएनटीच्या बाईंना मी हे सांगितलं तर त्यांना सगळं आधीच माहीत होतं. त्यांच्या अभ्यासक्रमात कावसजी असतो म्हणे. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात नव्हता.

नंतरचे दिवस कंटाळवाणे. नाकात बोळे, तोंडानं श्वास, ओठ सुकून भेगाळलेले. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. वाकायचं नाही, स्ट्रॉनं प्यायचं नाही, जोर करायचा नाही. नाकातून पाण्यासारखं पातळ काही ठिबकलं तर लगेच सांगायचं. प्यायलेलं पाणी आणि झालेली लघवी मापून तक्त्यात लिहायची, कारण पीयूषिकेला धक्का बसला की शरीर पाणी धरून ठेवायचं विसरू शकतं. घरी आल्यावर मिठाच्या पाण्यानं नाक धुणं. "जलनेतीचं भांडं असलं तरी चालेल," सिस्टर म्हणाल्या, "पण पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं नको." पडद्यावरचं अस्तर जिथून काढलं तिथे उघडी जागा राहते, ती भरून येईपर्यंत खपल्या धरतात. त्यांचं वर्णन करत नाही, लोक हे जेवताना मोबाइलवर वाचतात. नजरेच्या कडा परतल्या, ते महत्त्वाचं.

काही महिन्यांनी पुन्हा तीच खोली, तीच चिकटपट्टी. आकडा आला ०.२४. विरोध कमी झाला होता. टेक्निशियन खूश, "काका, आधीपेक्षा मोकळं आहे." आणि मला नाक चोंदल्यासारखं वाटत होतं.

नोकरीत असं झालं असतं तर मी माणसाला खोटं ठरवलं असतं आणि उपकरणाला खरं. इथे तसं करता येत नाही. हवा जातेय हे आपल्याला कळतं ते हवा मोजून नव्हे. आत जाणारी हवा अस्तरावरचा ओलावा उडवते, अस्तर गार पडतं, आणि तो गारवा मज्जातंतू टिपतात. तो गारवा म्हणजेच आपला 'मोकळा श्वास'. सर्दीत मेन्थॉल हुंगलं की नाक उघडल्यासारखं वाटतं, पण कार्डिफमधल्या रॉन एकल्स यांनी मोजून पाहिलं तर विरोध तेवढाच. मेन्थॉल गारव्याच्या संवेदकाला खोटी कळ लावतं, एवढंच. तो संवेदक २००२ मध्ये सापडला, डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन या दोघांना वेगवेगळा. पुढे तापमान आणि स्पर्शाच्या संवेदकांसाठी २०२१ चं नोबेल त्यांनाच मिळालं. माझं उलटं झालं होतं. वाट रुंद, पण मागचं अस्तर सोललेलं आणि कोरडं, त्यामुळे गारव्याची बातमी पोचत नव्हती. शिवाय नाकातली सर्वांत अरुंद जागा असते पुढे, नाकपुडीच्या जरा आत, आणि विरोधाचा मोठा वाटा तिथलाच. मागे कितीही तोडफोड झाली तरी आकडा फारसा हलत नाही.

म्हणून यंत्रांच्या जोडीला एक प्रश्नावली असते. २००४ साली तयार झालेली, पाच प्रश्नांची. नाक भरलेलं वाटतं का, बंद होतं का, श्वासाला त्रास, झोपेत त्रास, व्यायामाच्या वेळी हवा पुरते का. प्रत्येकाला शून्य ते चार, बेरजेला पाचानं गुणायचं. इंटर्न मुलगी वाचत होती, मी उत्तरं देत होतो. झोपेला मी एक सांगितला. शेजारी सौ. बसली होती.

"एक? अहो, रात्रभर तोंड उघडं टाकून झोपता. उशाशी ठेवलेला तांब्या सकाळी रिकामा असतो."

इंटर्ननं लिहिलेलं खोडायला पेन उचललं, पण बाईंनी तिला थांबवलं. त्यांचा चेहरा बदलला होता. "काकू, तांब्या रोज रिकामा असतो? लघवीला किती वेळा उठतात?" मला प्रश्न कळला, तक्ता मी भरलेला होता. नाकाच्या प्रश्नावलीतून गाडी थेट पीयूषिकेवर गेली होती. त्याच दुपारी रक्तातलं सोडियम तपासलं, लघवी तपासायला दिली, एंडोक्रायनॉलॉजिस्टना फोन झाला. सौ. गप्प. मी गप्प. रिपोर्ट चांगले आले. पाणी जात होतं ते फक्त सुकलेल्या तोंडाला.

मग बाईंनी दुर्बीण घातली. पडद्याच्या मागच्या बाजूला, जिथून अस्तर उचललं होतं तिथे, एक जुनी खपली घट्ट बसलेली. ऱ्हायनोमॅनोमीटरला ती अडथळा वाटली नव्हती, तिथे जागाच ऐसपैस होती. चिमट्यानं ओढताना डोळ्यांतून पाणी आलं आणि लगेच मागे, टाळूच्या वर, गार काहीतरी सरकलं. थोडंसंच, पण ते मला कळलं.

झोपेच्या ओळीत शेवटी तीन लिहिलं गेलं. बाई म्हणाल्या, नियमानं उत्तर पेशंटचंच हवं, तर मी म्हटलं, हेच माझं उत्तर. एकूण पंचेचाळीस झाले. माझ्या हिशोबानं पस्तीस होत होते. ऑपरेशनच्या आधी पंधरा होते. नाक धुणं दिवसातून दोनदा परत सुरू केलंय.

पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे, सकाळी दहाला. वेळ मी मागून घेतली, आधीची दोन्ही वाचनं त्याच सुमाराची आहेत. तोवर पुण्याची हवा कोरडी झालेली असेल, तेव्हा खोलीतली आर्द्रताही टिपून ठेवा, असं मी टेक्निशियनला सांगितलं. तिच्याकडे आर्द्रतामापी नाही. माझ्याकडे एक आहे, केसाचा, जुना. तो मी ओल्या-कोरड्या थर्मामीटरच्या जोडीशी ताडून पाहतोय, सध्या दोन टक्के जास्त दाखवतो.